शिथिल बंधन : ग्रंथांच्या बांधणीविषयी चार शब्द

हस्तलिखित पोथी हाती आली म्हणजे आम्ही प्रथम तिचे शेवटचे पान पाहतो. तेथे समाप्तीची ओळ, शक, संवत्सर, लिहिणाऱ्याचे नाव आणि त्याखाली बहुधा एक श्लोक असतो. तो अमुक कवीचा असे कोणी सांगत नाही. शेकडो वर्षे लेखक तो एकमेकांच्या पोथीतून उतरून घेत आले. त्यात पोथीच बोलते. ती म्हणते, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नकोस. पाठशाळेत हा श्लोक आम्ही घोकला तेव्हा तेल आणि पाणी समजले. मूर्खाचा हात म्हणजे काय, तेही गुरुजींनी छडीने समजावले. परंतु सैल बांधणी ही तेलापाण्याच्या पंक्तीला का बसविली, हे काही केल्या उमजले नाही. ते उमजण्यास आमची साठी उलटावी लागली.

वास्तविक 'ग्रंथ' या शब्दातच सारे सांगितले आहे. ग्रंथ् धातूचा अर्थ गुंफणे, एकत्र बांधणे. त्याच धातूची 'ग्रंथि' म्हणजे गाठ. ताडपत्राच्या पानांना मधोमध छिद्र पाडून त्यातून दोरी ओवीत आणि तिला गाठ मारीत. ती गाठ आहे तोवर तो ग्रंथ, गाठ सुटली की नुसती पाने. 'सूत्र' म्हणजे दोरा, आणि शास्त्राचे सूत्र तेही दोराच. मराठीत झाडाचे पान आणि पुस्तकाचे पान यांना शब्द एकच. झाडाचे पान देठापासून सुटले की वाऱ्यावर जाते. पुस्तकाच्या पानाचे निराळे काही होत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ते कसे, ते पुढे सांगू.

आधी आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. तो सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

२००५ सालच्या २६ जुलैचा पाऊस ठाणे जिल्ह्यात कोण विसरेल? मुरबाड तालुक्यात काळू नदीच्या काठच्या एका घरात त्या रात्री कमरेइतके पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी घरच्या कारभाऱ्याने आम्हांस बोलावून नेले. भाताची कणगी गेली होती, भांडी गाळात होती, आणि ओसरीवर एका पत्र्याच्या पेटीत त्यांच्या पणजोबांचे बाड होते. नव्या वाचकांसाठी सांगतो : बाड म्हणजे कीर्तनकाराची किंवा भजन्याची वही. ती लांबट, अरुंद, आखूड बाजूने शिवलेली आणि खालून वर उलटावयाची. ती मांडीवर राहते, कमरेला खोवता येते, आणि एका हातात चिपळ्या असल्या तरी दुसऱ्या हाताने पान उलटते. तर ते बाड चिखलाने माखून फुगले होते. कारभारी म्हणाले, "बुवा, याचं काय करायचं आता? टाकवत तर नाय." आम्ही वर वर पाहिले आणि म्हणालो, "जीर्ण झाले, भिजले; आता जलार्पण करा." नुसते म्हणालो नाही, नारळ-हळदकुंकू मागवून स्वतः मंत्र म्हटला, आणि ते बाड काळूच्या पाण्यात सोडले.

पुढे २०११ च्या कार्तिकीस आळंदीच्या वाटेवर माळशेज घाट चढताना आमच्या दिंडीतले एक म्हातारे गृहस्थ एक पद म्हणू लागले. चाल आमच्या ओळखीची नव्हती. पद तर मुळीच ऐकलेले नव्हते. दोन कडवी म्हणून ते थांबले. आम्ही विचारले, "आजोबा, हे कोणाचे? पुढे काय?" ते म्हणाले, "आमच्या आज्याचं. पुढचं मला येत नाय. बाडात होतं." कोणते बाड, हे विचारण्याची आमची छाती झाली नाही, पण त्यांनी आपण होऊनच सांगितले. घराच्या वाटण्या होऊन ते दुसऱ्या गावी गेले होते, आणि बाड थोरल्या घरी, नदीकाठी राहिले होते. आम्ही तेथेच बसलो. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्या ही कथा गेली चाळीस वर्षे आम्ही टाळ्या घेऊन सांगतो. आणि आमच्याच हाताने एका भक्ताची वही नदीत गेली, ती काही वर आली नाही. ते आजोबा पुढल्या वर्षी निवर्तले. दोन कडवी तेवढी आम्ही लिहून ठेवली आहेत.

ते बाड वाचले असते काय? आज जे कळते त्यावरून निःसंशय वाचले असते. जुनी शाई काजळ आणि डिंक यांची. पाणी लागले तर तिचा डिंक सुटतो, अक्षराच्या कडा पसरतात, परंतु काजळाचा काळा रंग उडून जात नाही. भिजलेली वही उघडण्याची घाई करू नये, चिकटलेली पाने ओढू नयेत, आणि तिला उन्हात तर मुळीच ठेवू नये. उन्हाने पान वेडेवाकडे आकसते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ती ठेवावी. सुटतील तेवढ्या पानांमध्ये कोरा टीपकागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई पानाला लागते. चारपाच दिवस हे करीत राहावे आणि मग हलके वजन ठेवावे. एवढेच करावयाचे होते. आम्ही मंत्र म्हटला.

आता थोडा इतिहास पाहू, कारण आमच्या लोकांनी बांधणीकडे का पाठ फिरविली हे त्यावाचून कळत नाही. आमची पोथी मुळात बांधलेली नसतेच. सुटी आडवी पाने, खालीवर लाकडाच्या फळ्या, भोवती तांबडे फडके आणि दोरी. ताडपत्र लांब आणि अरुंद, म्हणून कागद आला तरी पोथीचा आकार तोच राहिला. कागद आमच्या बाजूस अपरिचित नव्हता. नाणेघाटाच्या वर जुन्नर आहे, तेथील कागद्यांचा जुन्नरी कागद प्रसिद्ध होता, आणि घाटाच्या खाली मुरबाड तालुक्यातील वैशाखरे. सातवाहनांच्या काळापासून माल याच वाटेने कल्याण बंदरास उतरत आला. हाताने केलेला तो चिंध्यांचा आणि तागाचा कागद दोन-तीनशे वर्षे टिकलेला आम्ही पाहिला आहे. उलट आमच्या वडिलांनी घेतलेल्या छापील पुस्तकांची पाने शंभर वर्षांच्या आत पापडासारखी मोडतात. लाकडाच्या लगद्याच्या यंत्रकागदात आम्ल राहते आणि ते कागदाला आतून खाते, असे जाणकार सांगतात. पुण्यास १९४० साली हातकागद संस्था निघाली, तिच्या मागे गांधीजींची प्रेरणा होती. तो कागद आम्हीही पुढे वापरला.

छपाई आली तेव्हा सोवळ्याचा प्रश्न उभा राहिला. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मुंबईस पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून लोक छापील कागद घरात घेईनात, आणि मग त्यांनी तूप घालून शाई केली, असे सांगतात. शाईची शंका अशी फिटली; पण बांधणीत चामडे येते आणि सरस येतो, तो तर जनावराच्या हाडाकातड्याचा. देवघरात तो कसा चालावा? म्हणून पोथ्या छापल्या गेल्या तरी बराच काळ त्या सुट्या पानांच्याच राहिल्या. बांधलेले पुस्तक हे शाळेचे, कचेरीचे; पोथी ती देवाची, असा भेद मनात बसला, आणि बांधणीचे कसब आमच्या संप्रदायाच्या माणसाने शिकावे असे कोणास वाटेना. कापड, दोरा आणि पिठाची खळ एवढ्यावर उत्तम बांधणी होते, तीत जनावराचे काही लागत नाही, ही साधी गोष्ट सांगणाराच कोणी नव्हता.

आणि ठाणे जिल्ह्याला तर ही गोष्ट विसरण्याची मुभाच नाही. विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याचे. १८९३ साली त्यांनी व त्यांच्या स्नेह्यांनी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. पुढे याच भाव्यांनी संताजी जगनाडे यांच्या घराण्यातल्या जुन्या वह्या मिळवून १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा अस्सल गाथा म्हणून छापला. त्याच्या पाठांविषयी पंडितांत वाद आहे. आम्ही त्यात शिरत नाही. आमचे म्हणणे इतकेच की त्या वह्या कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या फडक्यात बांधून, उंदरांपासून आणि आमच्यासारख्या मंत्र म्हणणाऱ्यांपासून राखल्या, म्हणून वाद घालावयास तरी मिळाल्या.

असो. आता आमच्या बैठकीकडे वळू.

आमच्या तरुणपणी, १९८० च्या सुमारास, शहापूर तालुक्यातील एका गावी देवळाच्या ओसरीवर पितृपंधरवड्यात ग्रंथबांधणीची बैठक बसे. पंधरवड्यात लग्नकार्य नाही, सप्ताह नाही, भात पोटरीला आलेला, म्हणून माणसाला सवड. मुंबईस एका छापखान्यात बांधणी खात्यात जन्म काढून गावी परतलेले एक आप्पा तिचे प्रमुख. आसपासच्या दहा-बारा गावांच्या ज्ञानेश्वऱ्या, गाथे, भागवते तेथे येत. आप्पा जुजबंदी शिकवीत, शिंपी दोरा देई, वाणी मैदा देई. मोबदला काही नाही. ज्याचा ग्रंथ त्याने त्या दिवशीचा चहा करावा. आम्ही त्या बैठकीत बसत असू, पण खरे सांगायचे तर आम्ही गप्पांना जात असू. आप्पा एकदा म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही ग्रंथ उघडता, आम्ही तो मिटतो. मिटायला पण यावं लागतं." आम्ही हसलो. आप्पा १९९४ साली गेले आणि बैठक मोडली. तोवर छापील ग्रंथ स्वस्त झाले होते. फाटला तर नवा घ्या, देणगीदार आहेतच, अशी हवा होती.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महामारीमुळे आमच्याकडे सप्ताह बसले नाहीत. २०२२ साली पेटी उघडली. पंचवीस ज्ञानेश्वऱ्या, सर्व एका देणगीदाराने दिलेल्या, चकचकीत मुखपृष्ठाच्या. आमच्याकडे पाऊस शंभर इंचांच्या घरात. दोन पावसाळे त्या पेटीने बंद स्थितीत काढले होते. पहिल्या दिवशी काही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी तेराव्या अध्यायात वाचक रंगले असता दुपारचा वारा सुटला आणि एका ग्रंथाची पाने कण्यापासून सुटून मंडपभर उडाली. पाठोपाठ दुसऱ्याची, तिसऱ्याची. वाचन थांबविता येईना. अर्धे वाचक ओव्या म्हणत आहेत आणि अर्धे मंडपात पाने वेचीत आहेत, असा तो प्रकार झाला. संध्याकाळी मोजले तो पंचवीसांपैकी नऊ ग्रंथ निकामी. एक पान तर शेजारच्या गोठ्यात गाईने खाल्ले. सैल बांधणीला पोथी तेलापाण्याच्या पंक्तीला का बसविते, ते आम्हांस त्या दिवशी कळले. ओसरीच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "आप्पा असते तर." त्या रात्री कीर्तनात आमचे चित्त नव्हते.

त्याच वर्षीच्या पितृपंधरवड्यात पुन्हा बैठक घातली. आप्पांचा शिकंजा देवळाच्या माळ्यावर सापडला, त्याचा आटा गंजलेला. पहिल्या दिवशी आम्ही तिघे, तिघेही साठीचे. चष्मे धरून सहा डोळे, आणि सुईत दोरा ओवता येईना. खळ पातळ झाली, पाने सुरकुतली. दुसऱ्या दिवशी खळ घट्ट केली, ती रात्रभर ओसरीवर उघडी राहिली आणि उंदरांनी खळीसह एका पुठ्ठ्याचा कोपरा नेला. गावातली पोरे पाहून जात, हसत, आणि म्हणत, "महाराज, मोबाईलवर सगळा गाथा आहे की!" आहे खरा, आणि आम्हांला त्याचा राग नाही, आम्हीही प्रवासात त्यावर ओवी शोधतो. पण आमच्या भागातल्या बाडांतली पदे त्या मोबाईलवर कोणी घातलेली नाहीत, हे त्या पोरांना कसे कळावे?

बैठक उभी राहिली ती बायांमुळे. प्रसादाची भांडी घासावयास आलेल्या एक माउली आमचे टाके पाहून म्हणाल्या, "बाबा, असा दोरा वढला तर कागूद कापल न्हवं का? गोधडीला आम्ही असा टाका घेतो." आणि त्यांनी घेऊन दाखविला. तो आप्पांचाच टाका! प्रत्येक थराच्या शेवटी सुई खालच्या थराच्या फासात अडकवून घ्यावयाची, म्हणजे थराला थर धरून राहतो. आम्ही शास्त्र शिकलो आणि हे त्यांच्या बोटांत होते. दुसऱ्या दिवशी त्या आणखी चौघींना घेऊन आल्या. यावर गावात थोडी कुरबुर झाली. देवळातल्या ग्रंथाला बायांनी सुई लावावी काय, असा प्रश्न एका ज्येष्ठांनी काढला. आम्ही त्यांना म्हणालो, दादा, ज्या पंथात जनाबाईच्या अभंगावर आपण नाचतो, त्या पंथात हा प्रश्न कुठून आला? ते गप्प बसले. पटले म्हणून की आम्ही चारचौघांत बोललो म्हणून, हे त्यांनाच ठाऊक. पुढच्या वर्षी त्यांच्या सूनबाई बैठकीला होत्या.

आता कामाची रीत सांगतो. आमच्या चुका वाचकांनी पुन्हा करू नयेत, एवढाच हेतू.

ग्रंथ हाती आला की आधी मऊ पेन्सिलीने पानांचे क्रमांक पाहावे, नसतील तर कोपऱ्यात बारीक घालावे. दोरा कापण्याची घाई करू नये. मग मध्यावर उघडून पाहावे : पाने दुमडून जुजे केलेली आहेत, की एकेक सुटे पान नुसत्या सरसाने कण्याला चिकटविले आहे? जुजाचा ग्रंथ असेल तर देवाची कृपा. आठ पानांचे, म्हणजे सोळा पृष्ठांचे एक जुज धरले तर ते मधोमध उघडून घडीच्या रेघेवर आरीने पाच छिद्रे पाडावी. सर्व जुजांची छिद्रे एका ओळीत यावी म्हणून पुठ्ठ्याची एक खूणपट्टी करून ठेवावी. दोरा सुताचा, मेण लावलेला. नायलॉनचा दोरा कागदाला करवतीसारखा कापतो. कण्याला आडव्या दोन सुती नाड्या धरून त्यांवरून शिवत जावे. दोरा ताणावा, पण घडीच्या दिशेने ताणावा. आडवा ओढला की छिद्र फाटते. आमच्या त्या माउलींनी पहिल्याच दिवशी सांगितले ते हेच.

सुट्या पानांचा ग्रंथ असेल तर मात्र काम किचकट. पुष्कळ जण काय करतात, तर कडेने छिद्रे पाडून पान आरपार शिवून टाकतात. काम झटपट होते, मजबूतही होते, पण तो ग्रंथ सपाट उघडत नाही. शाळेच्या वहीला हे चालेल. पारायणाचा ग्रंथ चौरंगावर आपला आपण उघडा राहिला पाहिजे. वाचकाने तो दोन्ही हातांनी दाबून धरावयाचा तर त्याने टाळ कधी घ्यावा, डोळे कधी पुसावे? आम्ही अशा पानांना जोडीजोडीने पातळ कागदाची पट्टी लावून जोडपाने करतो आणि मग जुजे शिवतो. नऊ ज्ञानेश्वऱ्यांतल्या चारच आम्ही पहिल्या वर्षी अशा केल्या. एका ग्रंथाला सहा दिवस लागले. नवा ग्रंथ त्याहून स्वस्त पडतो हे आम्हांला कोणी सांगावयास नको. उरलेल्या पाचांच्या जागी आम्ही नवेच घेतले. मात्र घेताना दुकानात कणा डोळ्यांसमोर धरून जुजांच्या घड्या दिसतात का ते पाहिले, आणि मध्यावर दोरा दिसतो का ते पाहिले. जे मंडळ पन्नास-पन्नास ग्रंथ एकदम घेते त्याने एवढे पाहिलेच पाहिजे. दात्याचे नाव सोनेरी अक्षरांत छापून घेण्यापेक्षा हा आग्रह धरावा.

खळ मैद्याची, मंद आचेवर सतत ढवळीत शिजवलेली, दह्याइतकी दाट. आप्पा तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत, आणि बाजारातले बांधणारे आजही घालतात. पुठ्ठ्याला एक वेळ चालेल, पण जुन्या पानाला मोरचूद लागू देऊ नये. त्यातले तांबे कागद जाळते. शिवाय ते विष आहे, घरात पोरेबाळे असतात. आम्ही खळ रोजची रोज ताजी करतो, थोडीच करतो आणि झाकून ठेवतो. चकचकीत चिकटपट्टी फाटक्या पानाला कधीही लावू नये. चार-पाच वर्षांत ती पिवळी होते, सुटते आणि अक्षरांवर तेलकट डाग ठेवून जाते. पोथीने तेलापासून राखा म्हटले ते जणू हिलाच उद्देशून! फाटलेल्या जागी लांब धाग्याचा पातळ कागद ताज्या खळीने लावावा. जपानी म्हणून जो मिळतो तो उत्तम. खळीचा गुण हा की पाणी लावले की ती सुटते. उद्या आमच्याहून जाणता कोणी आला तर त्याला आमचे काम उकलता आले पाहिजे. प्लास्टिकच्या आवरणात पान भाजून घेणे म्हणजे तर त्याला जिवंत पुरणे.

हस्तलिखितांची गोष्ट निराळी, तेथे हात आखडता घ्यावा. सुट्या पानांची पोथी शिवू नये. ती सुटीच राहावयास जन्मली आहे. दोन फळ्या, स्वच्छ धुतलेले मांजरपाट आणि दोरी. दोरी इतकी घट्ट की पाने आत सरकू नयेत, इतकी नव्हे की कडा दुमडाव्यात. सैल पोथीची पाने एकमेकांवर घासतात आणि कोपरे झडतात. फडक्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, कसर दूर राहते. बाडाच्या कडा कापून सरळ करू नयेत. आम्ही पहिल्या वर्षी एका बाडाची कड सुबक दिसावी म्हणून सुरीने कापली. कापलेल्या पट्ट्या केरात टाकताना दिसले की कडेला बारीक अक्षरात पदांच्या चाली लिहिल्या होत्या. केर चाळून बऱ्याच पट्ट्या परत मिळविल्या. पिवळा डाग दिसला तर तो घाण समजून खरवडू नये. तो हरताळ आहे. लिहिताना चुकलेले अक्षर लेखक हरताळाने झाकीत. एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणे' हे आपण म्हणतो ते येथूनच आले. तोही विषारीच, तेव्हा हात धुवावे. आणि जे बाड फारच नाजूक असेल ते आपण हाती धरू नये. त्याची छायाचित्रे काढून ठेवावी आणि पुण्यास भांडारकर संस्थेसारख्या जाणत्या ठिकाणी विचारावे. हस्तलिखितांसाठी भारत सरकारनेही २००३ साली मोहीम काढली. खेड्यातल्या पेट्या मात्र खेड्यातल्या माणसालाच उघडाव्या लागतात.

बैठकीत आता अकरा जण आहेत. सात बाया, चार पुरुष. दोन मुले महाविद्यालयात जाणारी, ती छायाचित्रे काढतात. शिकंज्याचा आटा शहापुरातल्या एका लोहाराने दुरुस्त करून दिला, तोवर आम्ही दोन पाटांमध्ये ग्रंथ ठेवून वर घरचा पाटा-वरवंटा ठेवीत होतो. बसावयास म्हशाच्या यात्रेतली घोंगडी. पैशाचा वाद एकदा झाला. एका मंडळाने पन्नास वह्या बांधून द्या, दर सांगा, असे कळविले. काहींना वाटले, घ्यावे; बायांना चार पैसे मिळतील. आम्हांला प्रथम ते रुचले नाही, पण विचार केल्यावर आमचाच हट्ट वाटला. पंधरवड्यात देवाचे ग्रंथ फुकट, इतर दिवशी वह्यांचे काम दाम घेऊन, असे ठरले. आप्पा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांनी जन्मभर छापखान्यात दाम घेऊनच तर बांधणी केली होती.

गेल्या पंधरवड्यात टोकावड्याच्या बाजूच्या एका घरातून एक बाड आले. आणणारी म्हातारी दारातच म्हणाली, "बुडवायला नेत हुते, सूनबाई म्हनली आदी दाखवून या." अठ्ठेचाळीस पाने निघाली. कसरीने चाळण केलेली, पण अक्षर टपोरे आणि काळेभोर. चव्वेचाळीस पानांचा क्रम पदांच्या तुटलेल्या कडव्यांवरून जुळविला. चार पाने कोठे बसतात ते अजून कळत नाही. दोन पानांवर एकाच पदाची निरनिराळी शेवटची कडवी आहेत, आणि अधले पान बहुधा नाहीच. म्हातारीला पद येते काय म्हणून विचारले, तर ती म्हणाली, सासरे म्हणत, मी चुलीपुढे ऐकायची, तोंडातून निघायचे नाही. पुढच्या एकादशीला ती परत येणार आहे. आम्ही टाळ घेऊन बसू आणि पहिले कडवे म्हणू. पुढचे तिच्या तोंडून निघाले तर लिहून घेऊ. ती चार पाने सध्या दोन कोऱ्या कागदांमध्ये पाट्याखाली आहेत. त्यांना आम्ही अजून दोरा लावलेला नाही.